अडीच चमच्यांखालची टिंबं

माझ्या काकांना छापखान्यात सगळे चिमटा म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण छापखान्यात पाठीमागे असं काही नसतं, कारण मशीनच्या धडधडाटात प्रत्येकाला ओरडूनच बोलावं लागतं. काकांना ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे लोक चुकीचा खिळा चिमट्याने अलगद उचलतात, शेजारच्याला धक्का लागू देत नाहीत. काका मुद्रितशोधक, छपाईआधीच्या प्रुफातल्या चुका शोधणारे; तेच काम ते पेनने करायचे. शिवाय त्यांच्या जिभेलाही चिमटा होता. एका वकिलाने आत्मचरित्र छापायला दिलं होतं. काकांनी पहिल्याच प्रुफाच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'साहेब, आपला जन्म पान तीनवर आणि पान अकरावर असा दोनदा झाला आहे. कोणता ठेवू?' वकील तणतणत आला, आणि जाताना पान अकरावरचा जन्म रद्द करून गेला.

वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नोकरी कुणी देत नव्हतं. काकांनी मालकांकडे शब्द टाकला आणि मला त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. मशीनखात्यापासून लाकडी फळ्यांनी वेगळी केलेली ती खोली, एक खिडकी, खिडकीबाहेर दोन हातांवर दुसऱ्या इमारतीची भिंत. एक टेबल, दोन खुर्च्या, डोक्यावर करकरणारा पंखा. भिंतीवर काकांनी स्वतः काढलेला खुणांचा तक्ता. राहिलेला शब्द घालायला काकपद, नको असलेला काढायला शेपटीची रेघ, उलटसुलट पडलेले शब्द अदलाबदल करायला लोळण घेतलेली नागमोडी रेघ. आणि सगळ्यांत खाली टिंबं. खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याच्याखाली ओळीने टिंबं द्यायची. म्हणजे 'खोडलंय ते विसरा, होतं तसंच राहू द्या'.

"ही सगळ्यांत मोठी खूण," काका म्हणायचे. "बाकीच्या खुणा दुसऱ्याची चूक दाखवतात. ही आपली दाखवते."

माझं काम वाचायचं. मूळ प्रत माझ्या हातात, प्रूफ काकांच्या पुढ्यात. मी मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि त्यांनी प्रुफावर डोळे ठेवून ऐकायचं. आकडा आला की दोनदा वाचायचा. दिवसभर हेच केल्यावर घरीही जिभेला वळण तसंच राहायचं. एकदा मी दारातूनच म्हणाले, "आई स्वल्प भूक लागली पूर्ण वाढ पूर्ण," आणि आईने खरंच कपाळाला हात लावून ताप बघितला.

काकांचे नियम फार होते. पहिला नियम, वाचणाऱ्याचे डोळे प्रतीवर. प्रुफात डोकवायचं नाही, कारण दोघं एकच कागद बघायला लागले की दोघांच्याही नजरेतून एकच चूक निसटते. दुसरा नियम, लाल पेन चुकीला आणि पेन्सिल शंकेला. खिळे जुळवणाऱ्याने चूक केली तर लाल. पण लेखकानेच काही वेडंवाकडं लिहिलं असेल, तर ते सुधारणारे आपण कोण? तिथे पेन्सिलने हलकी रेघ, समासात प्रश्नचिन्ह, आणि उत्तर लेखकाने द्यायचं. तिसरा नियम, उत्तर मिळालं की पेन्सिल पुसायची.

या तिसऱ्या नियमाला कारण होतं. मी यायच्या आधी कधीतरी एका लग्नपत्रिकेच्या प्रुफात नवरदेवाच्या नावापुढे लांबलचक पदवी होती, आणि काकांनी समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'हे खरे का?' ते पुसायचं राहिलं. खिळे जुळवणारा इमानदार माणूस, त्याने दिसलं ते जुळवलं. दोनशे पत्रिका वाटल्या गेल्यावर मुलीच्या बापाच्या लक्षात आलं. छापखान्यात ही गोष्ट वर्षानुवर्षं चहाबरोबर चघळली जायची, आणि सगळे हसायचे. काका हसायचे नाहीत. "शंका आपल्या खोलीबाहेर जाता कामा नये," म्हणायचे. त्यासाठी ते पेन्सिलही इतकी हलकी चालवायचे की पुसल्यावर काही म्हणजे काही दिसायचं नाही. मी दाबून लिहायचे तर माझ्यावर खेकसायचे, "हळू! पुसलंस तरी कागदावर वळ राहतो."

सात वर्षं मी त्यांच्यासमोर वाचलं. त्या सात वर्षांत मला एकही शाबासकी मिळाली नाही, आणि मी एक दिवस आजारी पडले तर काका दुसऱ्या कुणाला खुर्चीत बसू न देता स्वतःच एका डोळ्याने प्रत आणि एका डोळ्याने प्रूफ बघत बसायचे. यावरून काय ते समजायचं.

आरोग्य खात्याची पुस्तिका आली ती आठव्या वर्षी. दूरदूरच्या दवाखान्यांत जिथे डॉक्टर रोज नसतात तिथल्या परिचारिकांसाठी होती. लहान मुलांना कोणत्या दुखण्यात कोणतं औषध, किती, किती वेळा. लिहिणारे मोठे डॉक्टर होते, खात्यातले वरचे अधिकारी. खात्याचं सगळं छपाईचं काम आमच्याकडे होतं, त्यामुळे ते आले की मालक स्वतः उठून खुर्ची सरकवायचे.

पान सदतीसवर तक्ता होता. मी वाचत होते, "एक वर्षाखालील मूल, तापाचे औषध, अडीच चमचे, अडीच, दिवसातून तीन वेळा, तीन." काका थांबले.

"परत वाच."

मी परत वाचलं. प्रतीत अडीच होतं, प्रुफातही अडीच होतं. आमच्या हिशेबाने चूक नव्हतीच. पण काकांनी मागची पानं उलटली आणि पान चौदा काढलं. तिथे त्याच औषधासाठी, त्याच वयासाठी अर्धा चमचा लिहिलेला होता. काकांनी तक्त्यातल्या 'अडीच'वर पेन्सिलने हलकी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'पान १४ वर अर्धा. कोणते खरे?'

डॉक्टर तिसऱ्या दिवशी आले. त्यांना गाडी गाठायची होती, हातात बॅग तशीच होती. आमच्या खोलीत ते उभ्यानेच पानं चाळायला लागले. पंख्याच्या वाऱ्याने पान सदतीसचा कोपरा उडत होता, म्हणून मी तो बोटाने दाबून धरला. हे मी मुद्दाम सांगते आहे. माझं बोट त्या पानावर होतं.

"तक्ता बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, एकदा पान चौदा बघता का?" काका म्हणाले. "दोन्ही बरोबर कसं असेल?"

"ते औषध वेगळ्या बाटलीत येतं. पातळ. मी बघितलंय सगळं."

"मग तसं लिहूया का तक्त्याखाली? परिचारिकेला कसं कळणार?"

"अहो, तुम्ही अक्षरं बघा हो. औषधं आम्ही बघतो." डॉक्टरांनी खिसा चाचपला, त्यांचं पेन बॅगेत असावं. मग काकांपुढे हात केला. काकांनी आपलं लाल पेन त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी तक्त्याकडे बघत विचारलं, "काय करता तुम्ही लोक, तसंच ठेवायचं असेल तर?"

"खाली टिंबं," काका म्हणाले.

डॉक्टरांनी 'अडीच'खाली चार टिंबं दिली. टक टक टक टक. पहिल्या पानावर 'छापण्यास परवानगी' लिहून सही केली आणि गेले.

काकांनी पान चौदा पुन्हा एकदा उघडून बघितलं. मग त्यांनी खोडरबर काढलं, पेन्सिलची रेघ पुसली, समासातली शंका पुसली, फुंकर मारून कचरा उडवला. शेवटच्या पानावर 'वाचले' लिहून सही केली. उत्तर मिळालं होतं. नियम म्हणजे नियम.

चार महिन्यांनी बातमी आली. एका दवाखान्यात अकरा महिन्यांची मुलगी गेली. परिचारिकेने तक्ता बघून तीन दिवस अडीच-अडीच चमचे औषध दिलं होतं. ती बिचारी पुस्तिका छातीशी धरून सगळ्यांना पान सदतीस दाखवत होती म्हणे. आणखी दोन मुलं आजारी पडली, ती वाचली. पातळ औषधाची ती वेगळी बाटली कुठल्याच दवाखान्यात कधी गेलेली नव्हती.

खात्याने चौकशी समिती नेमली. समिती छापखान्यात येणार त्याच्या आदल्या दिवशी मालकांनी मला वर बोलावलं. मालक वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, मला आयुष्यभर त्यांना शिव्या देता आल्या असत्या. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"तुला खोटं बोल असं मी कधीच सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तू विचार कर. डॉक्टरांवर आलं तर खातं आपल्याला पुन्हा काम देईल? बावीस माणसं आहेत इथे. तुझे काका दीड वर्षात निवृत्त होणारच आहेत. त्यांना शिक्षा म्हणजे काय, तर घरी बसतील. मी त्यांना काही कमी पडू देणार नाही. तू नुसतं आठवत नाही म्हण."

मी पाणी पिऊन खाली आले. आईचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, घरात मिळवती मी एकटी होते. हे कारण म्हणून सांगत नाही. कारणं सगळ्यांकडे असतात, त्या डॉक्टरांकडे तर गाडीचीही वेळ झाली होती.

समितीत तीन जण होते, दोन पुरुष आणि एक बाई. आमच्याच खोलीत जास्तीच्या खुर्च्या आणून बसले. डॉक्टरही होते. काकांनी कपाटातून प्रुफांचा गठ्ठा काढला, धूळ झटकली आणि पान सदतीस त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांचा चेहरा जवळजवळ खूश होता. इतकी वर्षं गठ्ठे जपून ठेवले ते याचसाठी, असं काहीतरी त्यांना वाटत असावं.

"ही टिंबं बघा," ते म्हणाले. "आधी कुणी खोडल्याशिवाय टिंबं येत नाहीत. मी शंका काढली होती. साहेबांनी तसंच ठेवा म्हणून टिंबं दिली."

समितीतल्या बाईंनी कागद जवळ घेतला. "पण इथे काहीच खोडलेलं दिसत नाही."

"ते पेन्सिलने होतं. मी पुसलं."

"तुम्हीच पुसलंत?"

"हो."

"का?"

"नियम आहे."

"कोणाचा?"

"माझा," काका म्हणाले. तोपर्यंत त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी कागद उचलून खिडकीकडे धरला, तिरका केला, समासावरून अंगठा फिरवला. काही दिसत नव्हतं. त्यांच्याइतकी हलकी पेन्सिल सगळ्या गावात कुणाची चालत नव्हती.

"शाई लाल आहे," दुसरे एक जण म्हणाले. "लाल पेन कोण वापरतं?"

"मी. पण त्या दिवशी साहेबांनी माझं पेन घेतलं होतं."

डॉक्टर म्हणाले, "मी असल्या खुणा कशाला करीन? मला त्या येतही नाहीत. प्रतीत टंकलेखकाकडून अडीच पडलं असेल, पण ते पान चौदाशी जुळत नाही हे यांनी दाखवायला हवं होतं; या पानावर माझ्यापुढे कुठली शंका आलीच नव्हती. वाचताना ओळ चुकू नये म्हणून यांनीच टिंबं दिली असतील." ते हे बोलताना रुमालाने तळहात पुसत होते. घाबरले होते. घाबरलेला माणूस किती सहज खोटं बोलतो याचं मला आश्चर्य वाटलं, आणि ते आश्चर्य दोन मिनिटंसुद्धा टिकलं नाही.

सही असती तर हात ओळखता आला असता. एखादा शब्द असता तरी चाललं असतं. पण टिंबावरून कुणाचा हात ओळखायचा?

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही इथेच बसता ना? तुम्ही काय पाहिलंत?"

मालक दारात उभे होते. काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना बघायची गरजच वाटली नव्हती, एवढा त्यांना माझा भरवसा होता.

मी म्हणाले, "माझं काम मूळ प्रत वाचायचं. वाचणाऱ्याचे डोळे प्रतीवर असतात. प्रुफावर काय होतं ते मला सांगता येणार नाही."

'आठवत नाही' म्हणायचं धाडस मला झालं नाही. म्हणून मी त्यांचाच नियम पुढे केला. तो खरा होता, शब्दन् शब्द खरा होता. समितीने तो लिहून घेतला. काकांनी लाल पेनचं टोपण लावलं, ते खिशात ठेवलं, आणि गठ्ठ्याची दोरी बांधायला लागले. गाठ त्यांना दोनदा सोडवून पुन्हा मारावी लागली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं, म्हणून गेले. दार काकूने उघडलं. तिने मला आत घेतलं पण बस म्हणाली नाही.

"तू तिथेच होतीस ना गं?" तिने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आतून काकांचा आवाज आला. "ती प्रत वाचत होती. वाचणाऱ्याचे डोळे प्रतीवर असतात. मीच शिकवलंय तिला."

हा चिमटा होता की मला वाचवणं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. काकूला मात्र कळलं असावं, कारण तिने त्यानंतर मला कधीच काही विचारलं नाही. मी गेले की पाणी आणून ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

काकांना महिनाअखेर काढलं. निरोपसमारंभ वगैरे प्रश्नच नव्हता. ते खुणांचा तक्ता भिंतीवरच ठेवून गेले. त्यांच्या खुर्चीत मला बसवलं आणि माझ्या खुर्चीत एक नवी मुलगी आली, खणखणीत आवाजाची.

सहा महिन्यांनी समितीचा अहवाल छापायला आला. आमच्याकडेच आला. खात्याचं काम आमच्याकडे होतं ना! मालकांनी तो स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि वर निघून गेले.

नवी मुलगी वाचत होती. पान नऊवर आली तेव्हा तिने त्याच खणखणीत आवाजात वाचलं, "सदर चूक ही सर्वस्वी मुद्रितशोधकाच्या हलगर्जीपणामुळे झाली असून स्वल्प त्याने आपला दोष झाकण्यासाठी मुद्रितावर खुणा केल्याचे दिसते पूर्ण." तिला काय माहीत? तिच्यासाठी ते एक वाक्य होतं, दोन विरामांचं.

मी पेन्सिल घेतली आणि त्या वाक्यावर रेघ मारली. समासात प्रश्नचिन्ह काढलं. पुढे लिहिलं, 'हे खरे का?' आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं ताई?" मुलीने विचारलं.

"काही नाही. तू जेवून ये."

ती गेल्यावर मी त्या कागदासमोर बसून राहिले. ही शंका कुणाकडे जाणार होती? समितीकडे. समिती विचारणार, मुद्रितशोधकबाईंना हा प्रश्न का पडला? मग मला सांगावं लागलं असतं की पानाचा कोपरा उडत होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, मालक नव्हते, डॉक्टर नव्हते. त्या दिवशी मला कुणी पाणी देऊन समजावलं नाही. मी लाल पेन उचललं आणि त्या वाक्याखाली टिंबं दिली. लांब वाक्य होतं, बरीच द्यावी लागली. मग पेन्सिल पुसली, फुंकर मारली. मुलगी जेवून आली तेव्हा आम्ही पान दहा वाचायला घेतलं. शेवटी 'वाचले' लिहून मी सही केली.

काका त्यानंतर नऊ वर्षं जगले. शेवटची दोन वर्षं त्यांना दिसायचं बंद झालं. मी दर आठवड्याला जायचे. त्यांच्याशी बोलायला विषय म्हणजे छापखाना, तोच टाळायचा म्हटल्यावर आम्ही हवेबद्दल बोलायचो, गुडघ्यांबद्दल बोलायचो. एकदा मी म्हणाले, "काका, वर्तमानपत्र वाचून दाखवू?" ते नको म्हणाले. आवाज नको झालाय, म्हणाले. त्या अकरा महिन्यांच्या मुलीबद्दल मात्र एकदा बोलले. "मी टिंबं कशी द्यायची ते त्यांना सांगितलं गं. पेन मी दिलं. शंका काढली की आपलं काम संपलं असं वाटलं मला. 'वाचले' लिहायचंच नव्हतं. सही केली नसती तर मशीन थांबलं असतं." म्हणजे त्यांनी स्वतःला सोडलं नव्हतं. मला सोडलं होतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

जाण्याआधी काही दिवस, मी त्यांची चादर नीट करत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "तो अहवाल आपल्याकडेच छापला ना?"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तो शब्द काढला. मी हो म्हणाले.

"तूच वाचलास?"

"हो."

"चुका किती निघाल्या?"

"दोन. एक वेलांटी, आणि एक पानाचा आकडा."

"आणि शंका?"

खोटं बोलता आलं असतं. पण दिसत नसलेल्या माणसासमोर खोटं बोलायला फारच नीच व्हावं लागतं, आणि मी तेवढी झाले नव्हते, किंवा दमले होते.

"एक होती," मी म्हणाले.

"मग?"

"पुसली."

काकांचा अंगठा चादरीवरून फिरत होता, त्या दिवशी समासावरून फिरवला होता तसाच.

"नीट पुसलीस ना?" ते म्हणाले. "तू दाबून लिहितेस. वळ राहतो."

"नाही राहिला," मी म्हणाले. "काही दिसत नाही."